बसच्या पाटीमागचं लिनक्स: इंदुरात हे काम शिकणाऱ्यांसाठी

एका थांब्यावर चाचणीसाठी लावलेली आमची पाटी सकाळी साडेसातला संध्याकाळच्या गाड्या दाखवत होती. हातात औषधांची फाइल घेतलेल्या एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अरे बाळ, एमवाय हॉस्पिटलला जायचंय. हे अठरा पंचेचाळीस म्हणजे किती वाजता?" त्यांना वाटलं, आपल्यालाच वाचता येत नाही. चूक पाटीची होती, म्हणजे माझी. त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि ऑफिसात आल्यावर एक नियम कागदावर लिहून भिंतीवर लावला: पाटीने खरं सांगावं, आणि खरं माहीत नसेल तर गप्प बसावं.

बस, थांबा किंवा मेट्रो स्थानकावरच्या माहितीच्या पाट्यांमागे एक छोटा संगणक असतो आणि त्यावर बहुतेक वेळा लिनक्स चालतं. त्याचं सॉफ्टवेअर कसं बनवायचं, हे नव्याने शिकणाऱ्यांसाठी लिहितो आहे. सी किंवा पायथन थोडंफार येतं आणि टर्मिनलची भीती वाटत नाही, एवढं गृहीत धरलं आहे.

आधी एक वेगळेपण मनात ठेवा

इंदुरात आयबस, म्हणजे बीआरटीएस ह्या राखीव लेनवरची बससेवा, २०१३ साली सुरू झाली. मधल्या लेनमध्ये गाडी, मधेच थांबे. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बीआरटीएस काढण्याचा आदेश दिला. ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवर मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, पाच स्थानकांचा, आणि स्थानकांना देवी अहिल्याबाई होळकर, राणी दुर्गावती, वीरांगना झलकारीबाई अशी नावं मिळाली. भंवरकुआं चौराह्याला टंट्या भील यांचं नाव दिलं गेलं, तरी लोक अजून भंवरकुआंच म्हणतात. म्हणजे मार्ग बदलतात, थांबे रस्त्याच्या मधून कडेला जातात, नावं बदलतात. पण गाडीतला डबा, म्हणजे पाटीमागचा तो छोटा संगणक, तोच राहतो, आणि तो दहा-बारा वर्षं चालावा अशी अपेक्षा असते.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, डब्याची इमेज: बूटलोडर (वीज येताच कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम), कर्नल (लिनक्सचा गाभा), रूट फाइलसिस्टम (प्रणालीच्या सगळ्या फाइली) आणि तुमचा प्रोग्रॅम. दोन, डेटा: मार्ग, थांबे, वेळापत्रक, घोषणांचे आवाज. इमेज वर्षातून दोन-चारदा बदलेल, डेटा आठवड्यातून दोनदाही बदलू शकतो. थांब्याचं नाव प्रोग्रॅमच्या आत लिहिलेलं दिसलं की मी कोड परत पाठवतो. त्यात सवलत नाही.

पहिली पायरी: बोर्ड न घेता सुरू करा

लगेच हार्डवेअर विकत घेऊ नका. आपल्याच लॅपटॉपवर क्यूइमू नावाचा एम्युलेटर चालतो, तो एआरएम प्रोसेसरचं सोंग हुबेहूब घेतो. सोबत बिल्डरूट, म्हणजे छोट्या बोर्डांसाठी लिनक्सची इमेज बनवून देणारं साधन, उतरवून घ्या. क्यूइमूसाठीची तयार कॉन्फिगरेशन निवडा, मेक मेन्यूकॉन्फिग ह्या आज्ञेने येणारी पर्यायांची यादी एकदा उघडून निवांत वाचा, आणि मेक चालवा. टूलचेन (कंपायलर आणि त्याची साधनं), कर्नल, बिझीबॉक्स (नेहमीच्या आज्ञांचा छोटा संच) असं सगळं मूळ सोर्समधून बनतं आणि शेवटी आउटपुटच्या फोल्डरात इमेज मिळते. ती बूट झाली आणि लॉगिन दिसलं की तुम्ही एक आख्खी लिनक्स प्रणाली स्वतः बनवली आहे. हा अनुभव प्रत्येकाने घ्यावा, कारण नंतर काही बिघडलं की नेमकं कुठल्या थरात बिघडलं, याचा अंदाज इथेच तयार होतो.

मग स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम पॅकेज म्हणून त्यात घाला. दर सेकंदाला वेळ छापणारा असला तरी चालेल. लॅपटॉपवर बनवलेला प्रोग्रॅम सरळ बोर्डावर टाकला तर तो चालत नाही, क्रॉस-कंपाइल, म्हणजे लॅपटॉपवरच पण बोर्डाच्या प्रोसेसरसाठी तयार, करावा लागतो, हे हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

ह्यानंतर बोर्ड घ्या. शिकायला रास्पबेरी पाय किंवा बीगलबोन ब्लॅक पुरेसा आहे. बोर्डाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे यूएसबीला लागणारी सिरियल केबल. स्क्रीन काळी असते तेव्हा बूटलोडर काय म्हणतो आहे ते फक्त ह्या केबलवरच दिसतं. वेग बहुतेक ठिकाणी ११५२००. केबल ३.३ व्होल्टचीच घ्या. ५ व्होल्टची लावली तर बोर्डाची पिन जळू शकते.

योक्टो कधी, बिल्डरूट कधी

योक्टो हेही इमेज बनवण्याचंच साधन, पण बरंच मोठं. एकच बोर्ड, छोटी टीम, साधी पाटी असेल तर बिल्डरूटवरच राहा. माझं मत स्पष्ट आहे: नवख्या माणसाने पहिले तीन महिने योक्टोला हात लावू नये. पण तीन-चार प्रकारचे डबे, दोन पुरवठादारांचे बोर्ड आणि दहा वर्षांची देखभाल समोर आली की योक्टो लागतंच.

योक्टोत सगळा खेळ थरांचा असतो. त्यांना लेयर म्हणतात. चिप बनवणाऱ्याचा एक लेयर, मूळ ओपनएम्बेडेडचा एक, तुमचा एक. दुसऱ्याच्या लेयरमध्ये कधीही बदल करू नका. आपल्या लेयरमध्ये जोड-रेसिपी (एखादं पॅकेज कसं बनवायचं ह्या सूचनांना जोडलेली पुरवणी) लिहून तो बदल वरून लावा. नाहीतर सहा महिन्यांनी पुरवठादाराने नवी आवृत्ती दिली की आपले बदल कुठे होते ते शोधत बसावं लागतं. आवृत्ती निवडताना दीर्घ मुदतीचीच घ्या. अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. एप्रिल २०२४ ची ५.० स्कार्थगॅप ही त्यातलीच, तिला चार वर्षांचा आधार आहे.

पहिलं बिल्ड साध्या लॅपटॉपवर कित्येक तास चालतं आणि डिस्कवर शंभरेक जीबी जागा मोकळी लागते. उतरवलेल्या सोर्सचं फोल्डर आणि शेअर्ड-स्टेट कॅशचं (आधी बनून तयार असलेल्या भागांचं) फोल्डर बिल्डच्या बाहेर ठेवा, म्हणजे बिल्ड पुसलं तरी ते वाचतात आणि पुढचं बिल्ड काही मिनिटांत होतं. प्रत्येक लेयरची नेमकी कमिट (गिटमधली आवृत्तीची खूण) लिहून ठेवा. आज बनलेली इमेज वर्षाने पुन्हा तशीच बनवता आली नाही, तर गाडीत काय चाललंय हे तुम्हाला कळण्याचा मार्गच उरत नाही.

वीज

टेबलावर सगळं चालतं. बसमध्ये २४ व्होल्टची बॅटरी असते. इंजिन सुरू करताना व्होल्टेज क्षणभर खूप खाली येतं, आणि मोठा लोड अचानक तुटला की वर उसळी मारतं. त्यासाठी वाहनासाठीच बनवलेला पॉवर सप्लाय लागतो, ते हार्डवेअरवाल्यांचं काम. आपलं काम त्यानंतरचं आहे: वीज कधीही जाईल असं धरूनच सॉफ्टवेअर बनवणं.

डब्याला दोन तारा येतात, एक बॅटरीची आणि एक इग्निशनची. किल्ली बंद झाली की इग्निशनची तार आपल्याला कळवते, आणि मग सप्लाय ठरावीक वेळ वीज देत राहतो. तेवढ्यात नीट शटडाउन व्हायला हवं. पण डेपोत मेकॅनिक सरळ बॅटरीची मुख्य कळ खाली करतो, तेव्हा ती वेळही मिळत नाही. म्हणून रूट फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती ठेवा. स्क्वॉशएफएस ही फक्त वाचता येणारी फाइलसिस्टम ह्यासाठी उत्तम. जे लिहायचं ते वेगळ्या डेटा पार्टिशनवर, आणि तेही कमीत कमी. लॉग शक्यतो मेमरीत ठेवा. ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच्या साठवणीच्या चिपवर, सतत लिहीत राहिलात तर दोन-तीन वर्षांत ती झिजते, आणि झिजलेली चिप एकदम बंद न पडता आधी विचित्र वागू लागते.

महत्त्वाची फाइल बदलताना थेट तिच्यावर लिहू नका. शेजारी नव्या नावाने लिहा, एफसिंक करा (म्हणजे लिहिलेलं खरंच चिपवर उतरवा), मग नाव बदला. मधेच वीज गेली तर जुनी किंवा नवी, एक पूर्ण फाइल नक्की शिल्लक राहते.

ह्याची परीक्षा घ्यायची पद्धत अशी: एक रिले, दुसरा छोटा बोर्ड, आणि एक प्रोग्रॅम जो रात्रभर दर दीड-दोन मिनिटांनी, वेळ थोडी मागेपुढे करत, डब्याची वीज तोडतो आणि जोडतो. सकाळी किती वेळा बूट झालं ते मोजा. शंभरात एकदा जरी अडकलं, तरी दोनशे गाड्यांच्या डेपोत रोज सकाळी दोन गाड्यांची पाटी काळी राहणार.

वेळ: आजींना दिसलेली चूक कुठे होती

छोट्या बोर्डांवर बहुतेक वेळा घड्याळाची बॅटरी नसते. वीज आली की घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं. सिस्टमडी, म्हणजे लिनक्स सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम, त्यात थोडी सुधारणा करतं: घड्याळ फारच मागे दिसलं तर ते निदान आपल्या बिल्डच्या वेळेपर्यंत पुढे आणतं. शिवाय त्याची वेळ जुळवणारी सेवा शेवटची माहीत असलेली वेळ एका फाइलीत जपून ठेवते. पण आमची फाइलसिस्टम फक्त वाचण्याची होती, त्यामुळे ती फाइल लिहिलीच जात नव्हती. इमेज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला बनली होती. त्या सकाळी नेटवर्क आलं नाही, पाटी साडेसहाची वेळ घेऊन उठली, आणि आतल्या वेळापत्रकातून तिने पुढची गाडी काढली: १८:४५. प्रोग्रॅममध्ये एकही बग नव्हता.

दुसरा त्रास याच्याच पोटात असतो. घड्याळ जुनं असेल तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं दिसतं आणि जोडणी नाकारली जाते. वेळ नेटवरून आणायची, आणि वेळ चुकीची म्हणून नेटवरच्या सेवा बंद. नवखे लोक इथे दोन-दोन दिवस सर्व्हरमध्ये चूक शोधतात.

उपाय करा ते असे. बॅटरीवाली घड्याळाची चिप लावाच, तिथे पैसे वाचवू नका. वेळ जपण्याची फाइल डेटा पार्टिशनवर हलवा. जीपीएसवरून वेळ घ्या, पण डोळे झाकून नको: जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांचा असतो, १०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. असं शेवटचं ६ एप्रिल २०१९ ला झालं आणि कित्येक जुनी उपकरणं वीस वर्षं मागे गेली. जीपीएसची तारीख तुमच्या बिल्डच्या तारखेपेक्षा जुनी असेल तर ती फेकून द्या. आणि वेळेची खात्री नसेल तोवर पाटीवर फक्त मार्ग क्रमांक आणि गंतव्य दाखवा, गाडीची वेळ दाखवू नका.

३२ बिटांचा प्रोसेसर वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांची वेळ संपते. आज बसवलेला डबा तोपर्यंत रस्त्यावर असू शकतो. जीलिबसी ह्या सी-च्या मूळ लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीपासून अशा प्रोसेसरवरही ६४ बिटांची वेळ वापरता येते, ती सुरुवातीलाच चालू करा.

गाडी कुठे आहे

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी बसांना एआयएस-१४० प्रमाणाचं ट्रॅकिंग यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचं झालं. त्यामुळे गाडीत एक जीपीएस आधीच असतो, तरी पाटीच्या डब्याला स्वतःचा असलेला बरा.

जीपीएस मॉड्यूल सिरियल पोर्टवर दर सेकंदाला एनएमईए नावाच्या ठरलेल्या साच्यातल्या ओळी पाठवतं. त्यातला अक्षांश वाचताना हमखास चूक होते, ती इथे उलगडून दाखवतो. इंदूरच्या मध्यभागी उभे असाल तर ओळीत साधारण २२४३.१७६ आणि ०७५५१.४६२ असे आकडे येतील. पाहणाऱ्याला वाटतं, शंभराने भागलं की झालं: २२.४३ आणि ७५.५१. पण हे अंश आणि मिनिटं एकत्र लिहिलेली आहेत. २२ अंश, ४३.१७६ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागायचं: ०.७१९६. म्हणजे खरा अक्षांश २२.७१९६. तसंच ५१.४६२ ला ६० ने भागून रेखांश ७५.८५७७. शंभराने भागलं तर गाडी नैऋत्येला जवळजवळ ४७ किलोमीटरवर, मानपूरच्या बाजूच्या डोंगरात दिसते. आणि मिनिटं शून्याच्या जवळ असतील अशा गावात हीच चूक लक्षातही येत नाही. ओळीच्या शेवटचा चेकसम तपासा, आणि स्थिती वैध आहे की नाही हे सांगणारं अक्षर वाचा. 'व्ही' असेल तर ते आकडे वापरायचे नाहीत.

थांबा आला हे ओळखायला थांब्याभोवती वर्तुळ मानतात. आत शिरताना ४० मीटर आणि बाहेर पडताना ६० मीटर, अशी दोन वेगळी अंतरं ठेवा, नाहीतर गाडी कडेवर उभी राहिली की घोषणा पुन्हापुन्हा होते. राजवाड्याजवळच्या अरुंद रस्त्यांत इमारतींवरून सिग्नल परतून येतो आणि जागा पन्नास-साठ मीटर इकडेतिकडे उडते. तिथे केवळ अंतरावर विसंबू नका. चालू फेरीतले पुढचे दोन-तीन थांबेच तपासा, गाडीची दिशा बघा, आणि दार उघडल्याची तार मिळत असेल तर ती जरूर घ्या. वर्तुळाच्या आत असताना दार उघडलं, ह्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. समोरासमोरचे दोन थांबे हे दोन वेगळे थांबेच असतात, त्यांना दोन वेगळे क्रमांक द्या.

अक्षरं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

इंग्रजी पाटी एका दिवसात होते. देवनागरीला महिना लागतो, आणि तो द्यावा, कारण आपल्या गाड्यांत बसणाऱ्या कितीतरी माणसांना फक्त हीच अक्षरं येतात.

'टर्मिनल' हा शब्द घ्या. मेमरीत त्याचा क्रम असा: ट, र, हलंत, म, ह्रस्व इकार, न, ल. पडद्यावर मात्र इकार म-च्या आधी यायला हवा आणि रफार म-च्या डोक्यावर. ही फिरवाफिरव करण्याला शेपिंग म्हणतात आणि ती हार्फबझ ही लायब्ररी करते. ती नसेल तर र-खाली हलंत लोंबतो आणि वेलांटी म-नंतर पडते. अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. छोट्या इमेजमध्ये हार्फबझ आपोआप येत नाही. पडद्यावर चित्र काढायला क्यूटी ही लायब्ररी वापरत असाल तर तिच्यात सोय आहे. एसडीएल ह्या दुसऱ्या लायब्ररीच्या फॉन्टच्या भागात ती बिल्ड करताना चालू करावी लागते. एलव्हीजीएलसारख्या हलक्या लायब्ररीवर देवनागरीसाठी भरवसा ठेवू नका.

भाषेची खूण स्वतः द्या. ल आणि श ह्या अक्षरांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. भाषा मराठी सांगितली तर ती मिळतात. इंदूरची पाटी हिंदीत असते, तिथे हिंदीच सांगा. छोट्या इमेजमध्ये भाषेची काहीच सेटिंग नसते, त्यामुळे हा निर्णय प्रणालीवर सोडला तर लॅपटॉपवर एक रूप दिसतं आणि गाडीत दुसरंच.

आता एलईडी पाटी. दुकानांवर धावत्या अक्षरांचं पी-१० मॉड्यूल तुम्ही पाहिलं असेल: ३२ स्तंभ, १६ ओळी, ठिपक्यांत १० मिलिमीटरचं अंतर. शिकायला तेच घ्या, स्वस्त पडतं. आता ह्या १६ ओळींत 'दुर्गावती' बसवून पाहा. डोक्यावर रफार आणि वेलांटी, त्याखाली शिरोरेषा, मग अक्षराचं अंग, पायाशी उकार. वर चार ओळी, शिरोरेषेला एक, खाली तीन, असं वाटप केलं तर अंगाला आठ ओळी उरतात. आठ ओळींत 'भ' आणि 'म' एकमेकांसारखे दिसू लागतात, 'घ' आणि 'ध' तर ओळखूच येत नाहीत. संगणकाचा सुबक फॉन्ट इथे लहान करून टाकला तर नुसती रांगोळी उमटते, कारण एलईडीला करडा रंग नसतो. ठिपका पेटलेला किंवा विझलेला, एवढंच.

मी शेवटी ज्या पद्धतीवर स्थिरावलो ती अशी. शहरात थांबे काही शे असतात, हजारो नाहीत. म्हणून गाडीतल्या डब्यात अक्षरं जुळवायचीच नाहीत. डेटा बनवताना, सर्व्हरवर पँगो (मजकूर मांडणारी लायब्ररी) आणि हार्फबझने प्रत्येक नावाचं काळं-पांढरं चित्र तयार करायचं, करडी छटा बंद ठेवून. मग माणसाने ती सगळी चित्रं एकेक करून पाहायची, आणि जिथे बिघडलंय तिथे हाताने ठिपके दुरुस्त करायचे. डब्यात जातं ते तपासलेलं चित्र. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. चित्र तपासायला घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवा: दहा पावलांवरून, चष्मा लावून. त्यांना एका नजरेत वाचता आलं नाही तर ते चित्र नापास.

शक्य असेल तिथे १६ ऐवजी २४ किंवा ३२ ओळींची पाटी मागा. निविदेच्या वेळी हे बोललं तर होतं, नंतर काहीही होत नाही.

नाव लांब असेल तर? 'देवी अहिल्याबाई होळकर टर्मिनल' एका नजरेत मावत नाही. सरकवण्यापेक्षा दोन तुकड्यांत आळीपाळीने दाखवलेलं मला योग्य वाटतं, प्रत्येकी निदान तीन सेकंद. मार्ग क्रमांक मात्र कधीही सरकवू नका, तो डावीकडे पक्का राहू द्या. धावत येणाऱ्या माणसाला आधी तोच हवा असतो. थांब्यावरच्या पाटीवर '१८:४५' लिहू नका. 'संध्या. ६:४५' लिहा, आणि जवळ आलेल्या गाडीला '५ मिनिटांत' म्हणा.

जाताजाता 'बड़ा गणपति' ह्या थांब्याचं नाव. त्यातला ड़ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ड आणि नुक्ता (खालचं टिंब) अशी दोन चिन्हं जोडून. डोळ्यांना सारखेच, संगणकाला वेगळे. वेळापत्रक एकाने टाइप केलं आणि घोषणांच्या फाइली दुसऱ्याने, तर हा थांबा गप्प राहतो. नावांनी कधीच जुळवाजुळव करू नका, थांब्याच्या क्रमांकाने करा. आणि येणारा सगळा मजकूर आत घेतानाच एकाच युनिकोड रूपात आणा.

वेळापत्रक आणि ताजी माहिती

वेळापत्रकासाठी जीटीएफएस हा सार्वजनिक वाहतुकीच्या माहितीचा ठरलेला साचा वापरा. साध्या सीएसव्ही फाइलींची झिप असते: संस्था, थांबे, मार्ग, फेऱ्या, थांब्यांच्या वेळा, दिवसांचं कॅलेंडर. हे अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट आणि गूगलच्या कामातून निघालं आणि आता जगभर चालतं. त्यात एक गोष्ट नवख्याला चकवते: रात्री बारानंतरची फेरी आदल्याच दिवसाची मानली जाते आणि तिची वेळ २५:१०:०० अशी लिहितात. साध्या वेळेच्या फंक्शनने ती वाचली तर प्रोग्रॅम पडतो.

ताज्या माहितीसाठी जीटीएफएस रियलटाइम, प्रोटोबफ ह्या आटोपशीर बायनरी स्वरूपात. त्यात फेरीतले बदल, गाड्यांच्या जागा आणि सूचना येतात. प्रत्येक फीडवर वेळेचा शिक्का असतो, तो वाचा. गाड्यांची माहिती ९० सेकंदांपेक्षा जुनी नसावी असा त्या प्रमाणाचाच सल्ला आहे. जुनी झाली की पाटीने वेळापत्रकावर परतावं आणि ते 'नियोजित' असं लिहून दाखवावं. एमक्यूटीटी ह्या हलक्या पद्धतीने संदेश पाठवत असाल तर रिटेन केलेल्या, म्हणजे सर्व्हरने जपून ठेवलेल्या, संदेशांपासून सावध: डबा जोडला गेला की सर्व्हर कालचा शेवटचा संदेशही आजचा म्हणून हातात देतो.

अपडेट आणि वॉचडॉग

गाड्या रात्री डेपोत येतात, तेव्हाच अपडेट. स्टोरेजवर रूट फाइलसिस्टमच्या दोन जागा ठेवा, अ आणि ब. चालू आहे अ, तर नवी इमेज ब-वर लिहा, सही तपासा, मग यू-बूट ह्या बूटलोडरला सांगा की पुढचं बूट ब-वरून. तीन प्रयत्नांत ब नीट उठली नाही तर बूटलोडर आपोआप अ-वर परततो. हे सगळं स्वतः लिहू नका. आरएयूसी, एसडब्ल्यूअपडेट आणि मेंडर ही तयार साधनं आहेत. आधी एका गाडीत, मग पाचांत, मग सगळ्यांत.

'नीट उठली' म्हणजे काय, हे मात्र तुम्ही ठरवायचं. कर्नल उठला म्हणजे झालं असं नाही. पाटीवर खरंच काही उमटलं का, जीपीएसच्या ओळी येताहेत का, सर्व्हरशी बोलणं झालं का, हे पाहूनच बूट यशस्वी म्हणा. हार्डवेअर वॉचडॉगचंही तेच. ठरावीक वेळात खूण मिळाली नाही तर तो डबा पुन्हा सुरू करतो. त्याला वेगळ्या थ्रेडमधून ही खूण देत बसलात तर मुख्य काम गोठलेलं असतानाही डबा जिवंत दिसतो, आणि पाटीवर मागच्या तासाचा थांबा तसाच राहतो. पाटीचं चित्र बदलणाऱ्या लूपमधूनच वॉचडॉगला खूण द्या.

आवाजाबद्दल थोडक्यात: थांब्यांची नावं खऱ्या माणसाच्या आवाजात, शांत खोलीत ध्वनिमुद्रित करून घ्या. यांत्रिक आवाज गावांच्या नावांत अडखळतो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी घोषणा हीच पाटी असते.

परवान्यांचा कागद सुरुवातीपासून ठेवा. कर्नल आणि बिझीबॉक्स जीपीएल दोन ह्या परवान्याखाली येतात, डबा विकला की मागणाऱ्याला त्यांचा सोर्स द्यावा लागतो. बिल्डरूटमध्ये मेक लीगल-इन्फो ही एक आज्ञा सगळी यादी काढून देते, योक्टोही परवान्यांची यादी बिल्डसोबत बनवतं.

शेवटी गाडीत बसा

बसवणी झाली की पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत स्वतः गाडीत बसा. लॅपटॉप बंद ठेवून, वही घेऊन. विजयनगरहून निघून पलासिया, गीता भवन, शिवाजी वाटिका, नवलखा, प्रत्येक थांब्याला घोषणा दाराच्या आधी झाली की नंतर, ते लिहा. मागच्या सीटवर बसून आवाज पोचतो का बघा, नंतर गर्दीत उभं राहून बघा. ड्रायव्हरसाहेबांना विचारा की त्यांना फेरी निवडायला किती वेळा बटण दाबावं लागतं. दोनदापेक्षा जास्त असेल तर ते दाबणार नाहीत, आणि दिवसभर पाटी चुकीच्या दिशेची राहील. मग खाली उतरून गाडीसमोर उभे राहा, दुपारी चारला, ऊन थेट पाटीवर पडेल अशा जागी. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर असताना बंद डब्याच्या आतलं तापमान किती होतं तेही नोंदवा, कारण प्रोसेसर तापला की वेग कमी करतो आणि अक्षरं अडखळत सरकू लागतात. रात्री तीच पाटी समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येते का, ते पाहा. प्रकाशाचा सेन्सर लावला असेल तर त्याच्या काचेवर धूळ बसते आणि दिवसाही पाटी मंद होते, म्हणून गाडी धुणाऱ्यांना ती काच बोटाने दाखवून ठेवा.